‘पायलटची चूक’ या नोंदीच्या मागे: १९४६ ते १९५५ मधल्या आरएएफ प्रशिक्षण अपघाताचा शोध कसा घ्यायचा

युद्ध संपलं तरी ब्रिटनच्या हवाई दलात, म्हणजे आरएएफमध्ये, तरुण मुलं विमानं शिकताना मरतच होती. एकट्या ग्लॉस्टर मेटिअर या जेटचा हिशेब पाहा: आरएएफच्या सेवेत ८९० मेटिअर गेली, ४५० वैमानिक दगावले, आणि त्यांतली १४५ विमानं १९५३ या एका वर्षात पडली. हे आकडे सगळ्या तुकड्यांचे मिळून आहेत, पण ड्रिफील्ड, मिडलटन सेंट जॉर्ज, फुल सटन, वेस्टन झॉयलंड इथल्या अ‍ॅडव्हान्स्ड फ्लाइंग स्कूलचा (पुढच्या टप्प्याच्या उड्डाणशाळांचा) त्यात वाटा होता. कोरियातलं युद्ध १९५० मध्ये सुरू झाल्यावर वैमानिकांची गरज एकदम वाढली आणि या शाळांवर ताण आला. अशा एखाद्या अपघाताचा शोध घेताना कागद मिळवणं तुलनेनं सोपं असतं. खरं काम मिळालेल्या कागदातल्या ‘पायलटची चूक’ अशा एका ओळीचा अर्थ लावण्याचं आहे.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा

तारीख, विमानाचा सिरियल नंबर आणि तुकडी. यांतल्या दोन हाती असल्या तर तिसरी बहुधा मिळते. सिरियल म्हणजे बहुधा दोन अक्षरं आणि तीन अंक; टायगर मॉथसारख्या जुन्या विमानांवर एक अक्षर आणि चार अंकही दिसतात. मेटिअरच्या दोन आसनी टी.७ साठी व्हीझेड, डब्ल्यूए, डब्ल्यूएफ, डब्ल्यूएल अशा अक्षरमाला येतात. छायाचित्रात शेपटीकडचा सिरियल दिसत नसेल आणि बाजूवर चार मोठी अक्षरं असतील, तर तो सिरियल नव्हे. १९४६ ते १९५१ च्या सुमारास प्रशिक्षण विमानांवर तुकडीची तीन अक्षरं आणि त्या विमानाचं एक अक्षर रंगवत. पहिलं अक्षर एफ असेल तर फ्लाइंग ट्रेनिंग कमांड (उड्डाण प्रशिक्षणाचा विभाग), आर असेल तर रिझर्व्ह कमांड (राखीव दलाचा विभाग). एवढ्यावरूनही शोधाचा अर्धा परीघ कमी होतो.

या नोंदी वाचताना दोन खड्डे आहेत. पहिला वेळेचा. आरएएफच्या कागदावर वेळेपुढे अक्षर असतं: झेड म्हणजे ग्रीनिच वेळ, ए म्हणजे एक तास पुढे, बी म्हणजे दोन तास पुढे. १९४७ साली १३ एप्रिल ते १० ऑगस्ट या काळात ब्रिटनमध्ये घड्याळं दोन तास पुढे होती. त्यामुळे त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्र रात्री आठ म्हणतं आणि अपघाताच्या कार्डावर १८०० झेड असतं, तेव्हा दोन्ही बरोबर असतात. अंधार होता की उजेड, हे ठरवताना हा फरक विसरला तर सगळा निष्कर्ष चुकतो. दुसरा खड्डा हुद्द्याचा: मृताच्या नावापुढे ‘पायलट २’ किंवा ‘पी४’ असं दिसलं तर ती टंकलेखनाची चूक समजू नका. १९४६ ते १९५० या काळात कमिशन नसलेल्या हवाई कर्मचाऱ्यांसाठी ही वेगळीच हुद्दापद्धत होती.

दोन कार्डं: फॉर्म ७८ आणि फॉर्म ११८०

दोन्ही लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ म्युझियमच्या अभिलेखागारात आहेत. सिरियल आणि तारीख नीट लिहून विचारणा करा. ‘१९५२ च्या आसपासचं एक मेटिअर’ असं विचारून काही हाती लागत नाही.

फॉर्म ७८ हे विमानाचं हालचाल कार्ड: कारखान्यातून कुठल्या डेपोत, तिथून कुठल्या शाळेत, कधी दुरुस्तीला, कधी यादीतून कमी. यातली संक्षिप्त रूपं आधी शिकून घ्या. एफए म्हणजे उड्डाणातला अपघात, आरओएस म्हणजे जागेवर दुरुस्ती, आरआयडब्ल्यू म्हणजे कारखान्यात दुरुस्ती, एसओसी म्हणजे यादीतून कमी. नुकसानीची श्रेणी जुन्या पद्धतीत अक्षरांनी लिहीत: ए म्हणजे जागेवर दुरुस्त होण्याजोगं, बी म्हणजे कारखान्यात न्यावं लागणारं, ई म्हणजे पूर्ण निकामी. १९५० च्या दशकात १ ते ५ असे आकडे आले आणि ५ म्हणजे दुरुस्तीला न परवडणारं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एसओसीची तारीख अपघाताची धरणं. ती कारकुनी नोंद आहे. अपघातानंतर कित्येक आठवड्यांनीही पडते.

फॉर्म ११८० हे अपघाताचं कार्ड, आणि बऱ्याचदा कारणाविषयीचा उरलेला एकमेव कागद तोच असतो. तुकडीनं भरलेला मूळ अहवाल, फॉर्म ७६५सी, आणि चौकशी मंडळाचे कागद बहुतेक वेळा नष्ट झालेले असतात. त्यांचा चार-सहा ओळींचा गोषवारा या कार्डावर उतरलेला असतो. घाईघाईच्या अक्षरात, संक्षेपांनी भरलेला. तो वाचताना क्रम उलटा ठेवा. कारणाची ओळ शेवटी वाचा.

आधी तासांचे रकाने पाहा: एकूण उड्डाणाचे तास, त्या प्रकारच्या विमानावरचे तास, एकट्यानं केलेले तास, रात्रीचे तास. एकूण २०० तास झालेल्या मुलाचे मेटिअरवर फक्त सहा तास असतील, तर पुढची ‘एरर ऑफ जजमेंट’ (अंदाजाची चूक) ही ओळ वेगळी वाचावी लागते. मग उड्डाणाचं काम काय होतं ते पाहा: सर्किट (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं), उपकरणांवरचं उड्डाण, एका इंजिनावरचा सराव, फॉर्मेशन (अनेक विमानांनी जवळून मिळून उडणं). मग हवामान. मग उड्डाण सोलो (एकट्याचं) होतं की ड्युअल (प्रशिक्षकासोबतचं). ड्युअल असेल तर नियंत्रण कुणाकडे होतं, हे कार्ड सांगतं का ते पाहा. शेवटी वरिष्ठांचे शेरे. स्टेशन कमांडर (तळाचा प्रमुख) आणि ग्रुपचा (तळांच्या वरच्या कार्यालयाचा) अधिकारी यांची मतं वेगळी असतील तर दोन्ही उतरवून घ्या. कारणाचा धागा अनेकदा त्या मतभेदातच असतो.

मेटिअरचं कार्ड असेल तर

इथे जरा थांबा. बहुतेक चुकीचे निष्कर्ष याच विमानाबाबत काढले जातात.

मेटिअरची दोन डरवेंट इंजिनं पंखांत, धडापासून बरीच दूर बसवलेली. एक बंद पडलं की दुसरं नाकाला मेलेल्या इंजिनाकडे ढकलतं. ते सरळ ठेवायचं तर विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायानं दाबून धरायचा, आणि तो भार इतका की काही मिनिटांत पाय थरथरू लागतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर देऊनही नाक सरळ राहत नाही. विमान वळतं, मग एका पंखावर कलंडतं. अशा वेळी जिवंत इंजिनाची ताकद कमी करणं हा उपाय, पण जमिनीजवळ, उतरायचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाताना (याला ओव्हरशूट म्हणतात), हात नेमका उलट, थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलायला जातो. हा सराव करताना इंजिन खरोखर बंद करत, आणि इंजिनं आपोआप बंद पडून मेली नसतील इतकी माणसं या सरावात मेली. म्हणून कार्डावर ‘एका इंजिनावर ओव्हरशूट करताना नियंत्रण गेलं’ असं आलं की पहिला प्रश्न हा: इंजिन बिघडलं होतं, की सरावासाठी बंद केलं होतं? दुसरं खरं असेल तर चूक त्या मुलाची एकट्याची नाही, अभ्यासक्रमाचीही आहे, आणि तुमच्या लिखाणात ते स्पष्ट यायला हवं.

दुसरा प्रकार ‘फँटम डाइव्ह’ म्हणून ओळखला जातो. एअरब्रेक (वेग कमी करायला बाहेर येणारे पत्रे) उघडे असताना चाकं खाली सोडली की विमान अचानक एका बाजूला वळून कलंडतं आणि नाक खाली घालतं. सर्किटच्या उंचीवरून सावरायला जागाच उरत नाही. योग्य क्रम असा: आधी एअरब्रेक आत, मग चाकं. कार्डावर नुसतं ‘सर्किटमध्ये नियंत्रण गेलं’ असतं. विमान डाउनविंड टप्प्यावर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं जाताना) होतं का, चाकं नुकतीच उतरत होती का, अवशेषांत एअरब्रेक उघडे सापडले का, याची नोंद शोधा. एअरब्रेकचा पुरावा नसेल तर ‘शक्यता’ एवढंच लिहा.

तिसरी गोष्ट इंधन. मेटिअर तासाभराच्या आतच रिकामं होई. ढग खाली आले आणि उतरायला रांग लागली की मिनिटं मोजावी लागत. त्या दिवशी त्याच तळावरची आणखी किती विमानं हवेत होती, हे म्हणूनच पाहायचं. टी.७ मध्ये इजेक्शन सीट (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसनं) नव्हत्या. खाली असताना बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. ‘त्यानं उडी का मारली नाही’ हा प्रश्न त्यामुळे निरर्थक आहे.

हार्वर्ड, प्रेंटिस, टायगर मॉथ या एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांच्या कार्डांत स्टॉल (वेग कमी होऊन पंखांचा आधार जाणं), स्पिन (गिरक्या घेत खाली कोसळणं), बेकायदा खालून उडणं आणि ढगात शिरून डोंगराला धडकणं हे जास्त येतं. मॉस्किटो टी.३ या दोन इंजिनांच्या विमानात उड्डाणाच्या धावेत विमान बाजूला पळणं. वाचायची रीत तीच.

क्यूमधले कागद

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये तुकड्यांच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक (रोजच्या नोंदींच्या वह्या) आहेत, वेगवेगळ्या क्रमांकांच्या मालिकांत. प्रशिक्षण शाळांसाठी एअर २९, तळांसाठी एअर २८, स्क्वाड्रनसाठी एअर २७. शाळेच्या वहीत अपघाताची एखादीच ओळ असते. तळाच्या वहीत त्या दिवसाचं हवामान, अंत्यसंस्कार, चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांची नावं मिळतात. म्हणून दोन्ही मागवा, आणि फक्त त्या दिवसाचं नव्हे, आधीच्या महिन्याचंही पान वाचा. वर्ग किती मागे पडला होता, प्रशिक्षक किती कमी होते, हे तिथे असतं. एव्हीआयए ५ या मालिकेत अपघात अन्वेषण शाखेचे अहवाल आहेत, पण लष्करी अपघातांपैकी निवडकच तिथवर गेले. हवामानासाठी मेट ऑफिसचे (ब्रिटनच्या हवामान खात्याचे) दैनिक अहवाल स्वतंत्रपणे ताडून पाहा.

स्थानिक वर्तमानपत्रात कॉरोनरपुढची (अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढची) साक्ष छापून येई, आणि शेतात काम करणाऱ्या माणसानं काय पाहिलं ते फक्त तिथेच सापडतं. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर नसतो. तिथे प्रोक्युरेटर फिस्कलच्या (मृत्यूंचा तपास करणाऱ्या सरकारी वकिलाच्या) नोंदींकडे वळा. साक्षीदारानं सांगितलेला ‘हवेतला स्फोट’ लगेच खरा धरू नका. जमिनीवरच्या आघाताचा आवाज दुरून तसाच वाटतो.

थडगं शोधताना एक तारीख लक्षात ठेवा: ३१ डिसेंबर १९४७. तोपर्यंतचे सेवेतले मृत्यू कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत येतात. १ जानेवारी १९४८ पासूनची नावं स्टॅफर्डशरमधल्या अ‍ॅलरवॉस इथल्या आर्म्ड फोर्सेस मेमोरियलवर आहेत.

जागेवर जाताना

‘ड्रिफील्डच्या वायव्येला २ मैल’ असं लिहिलं असेल तर अंतर गावापासून की धावपट्टीपासून, हे ठरवून दोन्ही ठिकाणं नकाशावर खुणा करा. ग्रिडचे (नकाशावरची जागा दाखवणारे) आकडे असतील तर ते युद्धकाळातल्या, जुन्या कॅसिनी ग्रिडचे आहेत का तपासा. आजच्या नॅशनल ग्रिडवर ते बसवले तर भलत्याच डोंगरावर पोचाल.

लष्करी सेवेत कोसळलेलं प्रत्येक विमान १९८६ च्या प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स अ‍ॅक्टखाली आपोआप संरक्षित आहे, मग अपघात शांतताकाळातला का असेना. परवान्याशिवाय तुकडा उचलणं, हलवणं, खणणं हा गुन्हा आहे. परवाना संरक्षण मंत्रालय देतं, आणि मानवी अवशेष किंवा स्फोटकं असण्याची शक्यता असेल तर देत नाही. तुकडा आहे तिथेच ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. पत्र्यावर ठोकलेला भाग क्रमांक जवळून घ्या: डी हॅविलंडच्या भागांवर सुरुवातीचा आकडा बहुधा विमानाच्या मॉडेलचा असतो, उदाहरणार्थ मॉस्किटोसाठी ९८. हाडासारखं काही दिसलं तर हात न लावता जागेची खूण लिहून घ्या, मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.