जिल्हा परिषदेची निवडणूक : मतदानाआधीची आणि नंतरचीही तयारी

सगळ्यात आधी यादी. जिल्हा परिषदेसाठी वेगळी मतदार यादी करत नाहीत, विधानसभेचीच यादी गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि गणांप्रमाणे (पंचायत समितीचे मतदारसंघ) फोडतात. म्हणून नोकरीसाठी ठाण्यात-डोंबिवलीत राहणाऱ्याने नाव तिकडे नेलं असेल, तर गावात मत नाही. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतीचा मतदार या निवडणुकीत नसतोच. ठाणे जिल्ह्यात ही निवडणूक शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या गावांची. नव्या सुनेचं आणि अठरा पूर्ण झालेल्या पोरांचं नाव विधानसभेच्या यादीत आत्ताच घालून घ्या, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर वेळ उरत नाही. प्रारूप यादी लागली की आपला पाडा भलत्याच गणात तर गेला नाही ना, ते बघा. गेला असेल तर मुदतीत हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय तहसीलातून हलू नका.

मतं दोन द्यायची असतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच सांगा. एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, लांब बीप वाजेपर्यंत थांबायचं.

आता खरी तयारी, जी बहुतेक गावं करतच नाहीत. सत्ता कुणाची, हे मतमोजणीच्या दिवशी ठरेलच असं नाही. ठाणे जिल्हा परिषदेच्या २०१७ च्या निवडणुकीत ५३ जागांत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण बहुमताला लागणारे २७ एकटीने झाले नाहीत. राष्ट्रवादीला सोबत घेऊन सत्ता बसली. अध्यक्षाला आपण निवडत नाही, सदस्य निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. त्यामुळे मधेच गणित पुन्हा बदलू शकतं. म्हणून प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला सरळ विचारा : अध्यक्षाच्या निवडणुकीत कुणाबरोबर जाणार? हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सत्ता बदलली की अर्धवट कामं अडकतात, आणि त्याचा फटका पाड्यांनाच बसतो. त्यासाठी एक वही करा. शाळेची गळकी खोली, आरोग्य उपकेंद्रातलं रिकामं पद, रस्ता, नळयोजना, असं एकेक काम लिहा आणि पुढे ते कुठवर आलंय ते लिहा : ग्रामसभेचा ठराव झालाय, प्रशासकीय मान्यता मिळालीय, तांत्रिक मान्यता झालीय, निविदा निघालीय की कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, हातात आहे? नुसतं ‘मंजूर आहे’ यावर विश्वास ठेवू नका. कार्यादेश निघालेलं काम सहसा पुढे सरकतं. त्याआधीचं नव्या कारभाऱ्यांच्या मर्जीवर राहतं. कोणत्या निधीतलं आहे तेही टिपा, जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पैसा, वेगळा आणि जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा. ठरावाच्या आणि मान्यतेच्या प्रती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) मागून घ्या.

शहापुरात या वहीत पाण्याचं पान पहिलं असावं, असं मला मनापासून वाटतं. भातसा आणि तानसा याच तालुक्यात, पाणी मुंबईला जातं आणि इथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, किती दिवसांआड आला, विहीर कधी आटली, हे बायकांना विचारून लिहा. पाणी त्याच भरतात.

विषय समित्यांचे सभापती निवडले गेले की वहीची एक प्रत आपल्या सदस्याला, एक पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला द्या. आणि पुढच्या ग्रामसभेला सदस्याला लेखी बोलावणं धाडा.