घरच्या घरी गडगनेर: एका मावशीची पद्धत

गडगनेर म्हणजे लग्नाआधी नातेवाइकांनी नवरदेव-नवरीला घातलेलं जेवण, आपलं केळवणच. ते करायचं तर पहिला फोन नवरदेवाला नाही, त्याच्या आईला करा. पोरांना विचारलं की ती "कधीही चालेल गं" म्हणतात आणि आयत्या वेळी त्यांचं फोटोशूट निघतं. आईकडे सगळा हिशेब असतो. कोणाकडे कधी जेवायचं, नागपुरात बर्डीवर साड्यांना कधी जायचं, इतवारीत भांडी कधी बघायची. देवक बसायच्या आधीचा एखादा रविवार मागून घ्या, तोही दुपारचा. संध्याकाळी मंडळी खरेदीहून दमून येतात आणि जेवल्याबरोबर निघायची घाई करतात.

माणसं किती बोलवायची, याचं माझं माप सोपं आहे. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या हॉलमध्ये एका पंगतीत मावतील तेवढीच. दुसरी पंगत लागली की घरची बाई ओट्यापाशीच अडकते. महाल भागात आत्याआजीकडे मामाचं गडगनेर झालं, तेव्हा ओसरीवर एकच पंगत होती. वाढता वाढता आत्याआजीनं पदराला हात पुसले, मामासमोर फतकल मारली आणि तो लहानपणी लोणच्याच्या बरणीत हात अडकवून कसा रडत बसला होता ते सांगायला सुरुवात केली. मामा लाजून पोळीचे तुकडे करत राहिला आणि आम्ही पोट्टे हसून लोळलो. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये अशी गोष्ट कोणी सांगत नाही.

सजावटीवर पैसे घालू नका. फुलांचा झोका, चमकीचा पडदा, भाड्याची पाटी, या सगळ्यात फोटो होतात, जेवण थंड होतं. पाट मांडा, भोवती रांगोळीची महिरप काढा, समई लावा. गोकुळपेठ बाजारात केळीची पानं मिळाली तर उत्तम. निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्या.

आता जेवण. तुमच्याकडे येईपर्यंत पोरगं घरोघरी श्रीखंड-पुरी आणि पनीर खाऊन बेजार झालेलं असतं. भाचा मला म्हणाला, "मावशी, आता पनीर दिसलं की पोटात गोळा येतो." म्हटलं, बरं बाप्पा, मग गोळाभातच करते. तेव्हापासून आमच्याकडे तोच बेत ठरलेला.

दोन वाट्या तांदळाला एक वाटी चणाडाळ चार तास भिजवा, उपसून जाडसर वाटा. पाणी घालायचं नाही, हातात घेतल्यावर कणी लागली पाहिजे. त्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, भरपूर चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि दोन चमचे कडकडीत तेल घालून लिंबाएवढे गोळे वळा. भात पातेल्यात शिजवा, कुकरमध्ये नाही. वरचं पाणी आटून भाताला भोकं पडू लागली की गोळे हलक्या हातानं वर मांडा, झाकण ठेवा, आच अगदी मंद करा. दहा-बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही डोकावलं तरी. गोळा मोडून बघा. आत कच्चट वास आला तर आणखी पाच मिनिटं. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची गरम फोडणी ओतायची. तेलात हात आखडता घेतलात तर भात घशाखाली उतरत नाही. सोबत ताकाची कढी हवीच.

बाकीचं थोडक्यात. वांग्याची भाजी, पोळ्या, शेवयांची खीर. थंडीत सांबार स्वस्त असतो, तेव्हा सांबारवडी घरी करा, नाहीतर सरळ विकत आणा. कोणी परीक्षा घेत नाही. जेवणानंतर आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या तोंडाला येणारी, संत्री असतातच, ती सोलता सोलता खरा गप्पांचा फड जमतो.

औक्षण जेवणाआधी. आमच्याकडे पहिलं निरांजन माझ्या सासूबाई ओवाळतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून एका नातेवाईक बाईंनी भुवया वर केल्या होत्या. मी ताट सासूबाईंच्याच हातात दिलं आणि नवरीनं वाकून नमस्कार केला. विषय तिथंच संपला. नवरीची ओटी नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस घालून भरा. उखाण्याचा आग्रह जरूर करा, पण एकदाच.

आहेराला साडी-शर्टपीस द्यायची सवय सोडा. तेच कपाटातून कपाटात फिरत राहतात. आधीच विचारून घ्या. भाचीला मी स्टीलचा मिसळणाचा डबा भरून दिला, हिंगापासून धणेपुडीपर्यंत. ती पुण्याला भाड्याच्या घरात राहणार होती, पहिल्या दिवशी वरणाला फोडणी त्यातूनच पडली.

चणाडाळ मात्र अर्धी वाटी जास्तच भिजवा. उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्यावर परतले की सकाळच्या पोळीसोबत छान लागतात, आणि आदल्या दिवशी राबलेल्या बाईला भाजी करावी लागत नाही.