आरसी बोटीची बॅटरी घेताना या चुका टाळा

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या टोकावर एका मे महिन्यात माझी पहिली रिमोटची बोट ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघाली. सुकाणू रिमोटला जागत होतं, मोटर मात्र ढिम्म. रिमोट डोक्यावर धरून मी वाळूतून धावत होतो आणि माझ्यामागे गावची सगळी पोरं. शेवटी पर्यटकांना डॉल्फिन दाखवून परत येणाऱ्या एका होडीवाल्याने ती उचलून आणली. माझ्या हातात देताना म्हणाला, "बोट दिसता बरी, पण पोटात काय घातलंस हिच्या?"

प्रश्न नेमका होता. पोटात ऑनलाइन मागवलेला ५००० एमएएचचा लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा पॅक होता. त्याच किमतीत सगळ्यात मोठा आकडा ज्याच्यावर छापला होता, तो मी घेतला होता.

आणि हीच पहिली चूक. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, एवढंच. नळ किती जोराने सुटतो ते सी रेटिंग सांगतं. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. त्यावर २५ सी लिहिलं असेल, तर ५ गुणिले २५, म्हणजे कागदावर १२५ अँपिअर. पण स्वस्त पॅकवरचा सी हा लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखा असतो. मी तो निम्माच धरतो. माझी मोटर पूर्ण थ्रॉटलला ६० अँपिअरच्या आसपास ओढत होती. पॅकला ते झेपेना, व्होल्टेज खाली बसलं, आणि ईएससीने, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने, बॅटरी संपली असं समजून मोटरचा पुरवठा तोडला. रिसीव्हर आणि सुकाणूचा सर्वो (ते वळवणारी छोटी मोटर) यांना ईएससीमधूनच वेगळे ५-६ व्होल्ट मिळत राहतात, म्हणून सुकाणू जिवंत होतं. मोटर मेली पण सुकाणू हलतंय, असं दिसलं की समजा, लो व्होल्टेज कटऑफ लागला. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण शून्यावर आणा, थोडं थांबा आणि अगदी हळू द्या. बहुतेक ईएससी तेवढ्यावर बोट काठाला आणू देतात. मी त्या दिवशी घाबरून थ्रॉटल दाबूनच धरला होता.

रिमोटच्या गाड्यांचा अनुभव असलेले इथे जास्त फसतात. गाडी एकदा वेगात आली की चाकं घरंगळतात, मोटरला क्षणभर विसावा मिळतो. बोटीला तो नाही. पंखा पाण्यात आहे तोवर पाणी त्याला अडवतंच, त्यामुळे अँपिअर सलग वाहतात. म्हणून आधी बोट किती अँपिअर खाते ते मोजा, मग बॅटरी घ्या. साधा वॉटमीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा, बोट टाकीत किंवा शेततळ्याच्या काठाला घट्ट धरायची, दोन-तीन सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि आकडा बघायचा. धरून ठेवलेल्या बोटीचा आकडा पळत्या बोटीपेक्षा साधारणपणे जास्त येतो, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला. त्या आकड्याच्या दुप्पट अँपिअर देणारा, तोही आपण निम्मा धरलेल्या सी-प्रमाणे, पॅक शोधायचा. बोट किती वेळ चालेल याचंही गणित सोपं आहे. ५ अँपिअर-तासांपैकी ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ४. सरासरी ३० अँपिअर लागत असतील तर ८ मिनिटं. वेगवान बोटीला ८ मिनिटं वाईट नाहीत. दुकानदार अर्धा तास सांगत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: वेग हवा म्हणून २एसच्या, म्हणजे दोन सेलांच्या पॅकच्या जागी तीन सेलांचा ३एस लावणं. लायपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. म्हणजे २एस ७.४ आणि ३एस ११.१ व्होल्ट. दीडपट व्होल्टेज, दीडपट फेरे, मग दीडपट वेग, असं वाटतं. पण पाण्यातल्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. दीडचा घन ३.३७५. ताकद तिप्पटीच्या वर जाते आणि अँपिअर सव्वादोन पट होतात. जी बोट २एसवर ४० खात होती, ती कागदावर ९० मागू लागते. प्रत्यक्षात व्होल्टेज बसल्यामुळे आकडा थोडा कमी येतो, पण ५०-६० अँपिअरच्या ईएससीला जळायला तोही पुरतो. सेल वाढवायचाच असेल तर पंखा लहान करा किंवा कमी केव्हीची मोटर घ्या. केव्ही म्हणजे एका व्होल्टला भार नसताना मिनिटाला किती फेरे. २००० केव्हीच्या मोटरला ११.१ व्होल्ट दिले की २२,२०० फेरे. हे गणित बिल देण्याआधी करायचं असतं, ईएससीच्या धुराचा वास आल्यावर नव्हे.

आता उलट टोक. काही जणांना वेग नकोच असतो. मचव्याची किंवा ट्रॉलरची हुबेहूब प्रतिकृती करायची, जाळी-बिळी लावायची आणि संथ फिरवायची. माझ्या मते हीच खरी मजा. अशा बोटीत महागडा हलका लायपो घालून मग तळाला शिसं भरणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा इन्व्हर्टर-यूपीएसवाल्यांकडे मिळते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. वजन दोन किलोच्या वर, आणि ते वजनच तुमच्या बोटीला लाटेवर सरळ ठेवतं. मात्र ते ७ अँपिअर-तास २० तासांच्या संथ वापरावर मोजलेले असतात. जास्त ओढलं की कमी मिळतात. निम्मीच रिकामी करा, वर्षानुवर्षं टिकेल. लहान मुलाच्या बोटीला ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक पुरेसा असतो, तो हलगर्जीपणाही बराच सोसतो.

जुन्या लॅपटॉपचे १८६५० नावाचे गोल सेल काढून मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून पॅक बांधून घेणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड. संथ बोटीला चालतो, वेगवान बोटीला नाही. लॅपटॉपचे सेल मोठ्या प्रवाहासाठी बनवलेलेच नसतात. आणि ज्या १८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलंय तो खोटा आहे, यात चर्चेला जागा नाही. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतं. खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. सोनाराच्या काट्यावर फारच हलका निघाला तर आत काय आहे ते विचारू नका.

निकेलवरून लायपोवर जाताना ईएससीची सेटिंग बदलायची राहून जाते. निकेलच्या मोडवर ईएससी लायपोला वेळेत थांबवत नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातात आणि दुसऱ्या दिवशी पॅक पुरीसारखा फुगतो. कटऑफ सेलमागे ३.४ च्या आसपास ठेवा. शिवाय बॅलन्स प्लगला (पॅकच्या प्रत्येक सेलशी जोडलेला छोटा प्लग) लावायचा, व्होल्टेज उतरलं की वाजणारा छोटा बझर मिळतो, तो घेऊनच टाका.

पण कोकणात सर्वांत जास्त बॅटऱ्या चालवून मरत नाहीत, ठेवून मरतात. चाकरमानी मे महिन्यात गावी येतो, पोरांसाठी बोट आणतो, आठ दिवस धमाल होते. मुंबईची गाडी पकडायच्या घाईत बोट माळ्यावर जाते, वर पत्रा तापलेला, आणि बॅटरी बोटीतच जोडलेली. ईएससीचं बटण बंद केलं म्हणजे सगळं बंद झालं असं आपण समजतो. बऱ्याच ईएससीत ते बटण फक्त रिसीव्हरचा पुरवठा तोडतं आणि उरलेलं सर्किट थोडी थोडी वीज पीत राहतं. गणपतीला येऊन बोट खाली काढावी तर पॅक संपून फुगलेला. दुसरा प्रकार म्हणजे "पुढच्या वेळी तयार असू दे" म्हणून पूर्ण चार्ज करून ठेवणं. भरलेला लायपो उष्णतेत महिनोन्‌महिने राहिला की आतून झिजतो. गावाहून निघण्याच्या आदल्या रात्री चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्टपर्यंत आणा, बोटीतून काढा आणि पत्र्याच्या डब्यात घालून कोठीच्या खोलीत, जमिनीलगत, गारव्याला ठेवा. डब्याचं झाकण गच्च लावू नका. याच्याच जोडीचा गुन्हा म्हणजे भर दुपारी समुद्रावर बंद गाडीच्या डिकीत पॅक ठेवून जेवायला जाणं.

खाऱ्या पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बॅटरीवर राग निघतो आणि दोषी असतो कनेक्टर. मिठाचं पाणी वीज वाहतं. पिनांवर थेंब राहिला आणि पॅक जोडलेला असला की धन टोकाचा धातू विरघळू लागतो, हिरवी साय धरते, तिथला विरोध वाढतो, जोड तापतो. किनाऱ्यावर तर बोट पाण्यात न उतरवताही नुसत्या खाऱ्या वाऱ्याने बॅलन्स प्लगच्या पिना हिरव्या होतात. चार्जर "सेल एरर" दाखवतो आणि लोक चांगला पॅक फेकून देतात. आधी पिना स्पिरिटने पुसा, मग निवाडा करा. मुख्य जोडाला वेगवान बोटीत जुने पांढरे टॅमिया कनेक्टर नकोत. ६० अँपिअरपर्यंत एक्सटी६०, त्यावर एक्सटी९०. खाडीतून आल्यावर आधी बॅटरी काढा, मग गोड्या पाण्याने बोट धुवा. ईएससीच्या थंडाव्याच्या नळीतूनही गोडं पाणी सोडा, नाहीतर मीठ सुकून ती चोंदते. पेटीवर "वॉटरप्रूफ" छापलेलं असतं ते बहुधा गोड्या पाण्याच्या भरवशावर.

पॅकच खाऱ्या पाण्यात बुडाला तर तो पुसून पुन्हा वापरू नका. तो काही तासांनीही तापू शकतो. अंगणात, घरापासून आणि गवताच्या गंजीपासून लांब, चिऱ्यावर ठेवा. फुगलेल्या पॅकचंही तेच. तो मिठाच्या पाण्यात बुडवून मारायचा जुना सल्ला फिरत असतो. पाणी आधी बाहेरची टोकं खातं आणि वीज आत तशीच राहते. ३एसला गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा जोडून, समोर बसून, पूर्ण विझेपर्यंत रिकामा करा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उकिरड्यावर टाकू नका, तिथे पातेरा पेटवतात.

चार्जिंगचे नियम थोडक्यात: सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर, १ सी, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, पॅक बोटीबाहेर, माणूस समोर. लाइट गेली आणि आली तर चार्जर काय दाखवतो ते बघूनच पुढे जा. लेड-अ‍ॅसिडही बंद बोटीत चार्ज करू नका, तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो. दोन पॅक समांतर जोडायचे तर दोघांचं व्होल्टेज आधी सारखं करा, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात धबधब्यासारखा ओततो.

शेजारचा एक मुलगा परवा बोट घेऊन आला. "काका, घरात झ्याक फिरता, पाण्यात गेली की बंद पडता." घरात पंखा हवेत फिरतो, अँपिअर लागतच नाहीत, त्यामुळे थकलेला पॅकही तिथे वाघ असतो. त्याच्या पॅकचे सेल तपासले: दोन ३.९ वर आणि एक ३.४ वर. एक सेल गेला की पूर्ण पॅक गेला, त्यात दुरुस्ती शोधू नका. तिन्ही सारखे निघाले असते तर मी पंख्यात अडकलेलं शेवाळ किंवा तंगूस आणि शाफ्टचं ग्रीस बघितलं असतं. जड फिरणारा शाफ्टही बॅटरी संपवतो. सुकाणू आणि मोटर दोन्ही क्षणभर मरून परत येत असतील तर रिसीव्हरचा पुरवठा कोसळतोय, सर्वो अडकलाय का ते बघा. बोट धावताना नाळ (पुढचं टोक) आपटत असेल किंवा मागचा भाग बसत असेल तर पॅक पुढे-मागे सरकवा. वेगवान बोटीचा तोल मागून साधारण ३० टक्के लांबीवर असावा. पॅक वेल्क्रोने आवळा आणि पोकळ जागेत फोम भरा, कारण बॅटरी स्वतः तरंगत नाही. पॅक दूर पडला म्हणून त्याच्या वायरी लांबवू नका, ईएससीचे कपॅसिटर त्याने मरतात. मोटरकडच्या वायरी लांबवल्या तर चालतं.

पावसाळ्यात समुद्राचं नावच नको. १ जून ते ३१ जुलै मोठ्या होड्यांनाही मासेमारी बंद असते, आपली दीड किलोची बोट काय करणार. तेव्हा शेततळं बरं. चिरेखाणीत साचलेलं पाणीही शांत असतं, पण तिचे काठ उभे असतात, पोरांना एकटं पाठवू नका. खाडीत मी आता भरती लागल्यावरच बोट सोडतो. बंद पडलीच तर पाणी तिला आत, गावाकडे आणतं, आणि मी काठावर, तिला ओढून घ्यायला, गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बसलेला असतो.