फिनलंडची लोकसंख्या: वाढ, वार्धक्य आणि वस्तीचे आकडे कसे तपासावेत

२०२३ च्या अखेरीस फिनलंडची लोकसंख्या ५६,०३,८५१ होती. वर्षभरात ती सुमारे ३९,९०० ने वाढली, पण त्याच वर्षी जन्म ४३,४०० च्या आसपास आणि मृत्यू ६१,३०० च्या आसपास होते. सगळी वाढ बाहेरून आली. म्हणून या देशाबद्दल काही लिहायचं किंवा ठरवायचं असेल तर एकूण आकड्यावर थांबू नका. तो आधी घटकांत फोडा, मग वयानुसार, मग ठिकाणानुसार. हा क्रम उलटवला की चुका होतात.

आकडे मिळतात टिलास्तोकेस्कुस या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या स्टॅटफिन या मोफत विदागारात (डेटाबेसमध्ये). तक्ते फिनिश, स्वीडिश आणि इंग्रजीत आहेत. आपल्याकडे दारोदार फिरून जनगणना होते, तशी तिथे होत नाही. १९९० पासून फिनलंडची जनगणना पूर्णपणे नोंदवह्यांवर चालते. प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो आणि पत्ता बदलला की नोंद बदलते. त्यामुळे ३१ डिसेंबरची आकडेवारी दरवर्षी मिळते. दरमहा येणारे आकडे मात्र प्राथमिक असतात आणि नंतर दुरुस्त होतात. अंतिम वार्षिक आणि प्राथमिक मासिक आकडे एकाच आलेखात मिसळू नका.

तक्ता उतरवताना नावांऐवजी पालिकेचा तीन अंकी संकेतांक घ्या. हेलसिंकीचा ०९१ आहे. एक्सेल तो संख्या समजून सुरुवातीचं शून्य खातं, ९१ उरतं आणि दोन तक्ते जुळत नाहीत. तो स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठेवा.

आता घटक. समीकरण साधं आहे: वर्षअखेरची लोकसंख्या म्हणजे सुरुवातीची लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक निव्वळ परदेशी स्थलांतर, अधिक नोंदींतली दुरुस्ती. पालिकेसाठी यात देशांतर्गत निव्वळ स्थलांतरही मिळवा. २०२३ मध्ये नैसर्गिक घट सुमारे १७,९०० आणि निव्वळ परदेशी स्थलांतर सुमारे ५७,९०० होतं. बेरीज शेवटच्या आकड्याशी नेमकी जुळली नाही तर घाबरू नका. दुरुस्तीचा रकाना बहुधा राहून गेलेला असतो.

स्थलांतराचा हा आकडा नेहमीचा समजू नये. युक्रेनमधून आलेल्या, तात्पुरतं संरक्षण मिळालेल्या लोकांना वर्षभर राहिल्यावर पालिकेचे रहिवासी म्हणून नोंद करता येऊ लागली आणि त्यातल्या पुष्कळ नोंदी २०२३ मध्ये झाल्या. प्रत्यक्ष माणसं त्याआधीच आलेली होती. याच जातीची जुनी खाच १९९४ मध्ये आहे. त्या वर्षापासून विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या गावी रहिवासी म्हणून नोंद करता येऊ लागली, म्हणून पालिकांमधलं स्थलांतर कागदावर एकदम वाढलेलं दिसतं. लांब पल्ल्याचा आलेख काढताना दोन्ही जागी खूण करा.

नैसर्गिक घट २०१६ पासून सलग आहे. एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं) २०१० मध्ये १.८७ होता, २०१९ मध्ये १.३५ झाला, २०२१ मध्ये जरा वर येऊन १.४६ झाला आणि २०२३ मध्ये १.२६ वर उतरला. २०२१ ची ती उचल पाहून कल बदलला असं मानणं घाईचं ठरलं. अशा दराची निदान पाच-सहा वर्षं एकत्र बघावीत. छोट्या पालिकेत हे आणखी महत्त्वाचं, कारण वर्षाला पाच-दहाच जन्म होत असतील तर एका वर्षाचा दर काहीच सांगत नाही.

वार्धक्य मोजताना बहुतेक लोक ६५ वर्षांवरचा वाटा घेतात आणि थांबतात. तो २०२३ अखेर सुमारे २३.४ टक्के होता. परावलंबन गुणोत्तर, म्हणजे कामाच्या वयातल्या शंभर माणसांमागे लहान मुलं आणि वृद्ध किती, हे काढायचं तर ० ते १४ आणि ६५ वरचे मिळवा आणि १५ ते ६४ च्या संख्येने भागून शंभराने गुणा; उत्तर ६२ च्या आसपास येतं. हे ठीक आहे, पण फिनलंडसाठी पुरेसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९४९ या चारही वर्षांत, तिथे एक लाखाहून जास्त मुलं जन्मली. २०२३ च्या दुपटीहून अधिक. ही मोठी पिढी ६५ ची सीमा केव्हाच ओलांडून गेली. आता ती २०२६ ते २०२९ मध्ये ऐंशीची होईल आणि काळजी घेणाऱ्या हातांची खरी गरज त्यानंतर वाढेल. म्हणून ७५ आणि ८५ वरचे वयोगट वेगळे काढा. ६५ वरचा वाटा संथ दिसत असतानाच ८५ वरची संख्या झपाट्याने चढते.

आता ठिकाण. आधी कोणता विभाग हवा ते ठरवा. वृद्धसेवा आणि आरोग्य हा प्रश्न असेल तर प्रांत चालत नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून ही जबाबदारी २१ कल्याणक्षेत्रांकडे आणि स्वतंत्रपणे हेलसिंकी शहराकडे आहे. सर्वसाधारण तुलनेसाठी ऑलंड हा बेटांचा प्रांत धरून १९ प्रांत घ्या. हेलसिंकी ज्यात आहे त्या एकट्या ऊसिमा प्रांतात देशातले सुमारे ३१ टक्के लोक राहतात. पूर्वेकडे एतेला-साव्हो आणि काइनू हे प्रांत म्हातारे होत आहेत, कारण विशीतले लोक शिकायला गेले की बरेचसे परतत नाहीत. ओउलू या उत्तरेकडच्या शहराजवळच्या लिमिन्का आणि ट्युर्नाव्हा या पालिका मात्र तरुण आहेत. तिथे लेस्टाडियन या ख्रिस्ती पंथाची मोठी कुटुंबं आहेत. केवळ उत्तर-दक्षिण अशी रेघ मारली तर ही गावं नजरेतून सुटतात.

घनतेसाठी नेहमी जमिनीचं क्षेत्रफळ घ्या, एकूण नव्हे. देशाच्या क्षेत्राचा सुमारे दहावा भाग गोड्या पाण्याखाली आहे, आणि तळ्यांच्या प्रदेशात फरक याहून मोठा पडतो. लॅपलंडमध्ये दर चौरस किलोमीटरला दोन माणसंही नाहीत. पालिकेची सीमाही फसवते. २०१३ मध्ये हाउकिपुदास, कीमिन्की, ओउलुन्सालो आणि यली-ई या पालिका ओउलूत विलीन झाल्या, त्यामुळे ‘शहरा’च्या आकड्यात पुष्कळ रान आणि खेडी आहेत. वेगवेगळ्या वर्षांची छापील पुस्तकं जोडू नका. स्टॅटफिनमध्ये जुनी वर्षंही आजच्या सीमांनुसार मांडलेली मिळतात. खरी शहरी-ग्रामीण वाटणी हवी असेल तर २५० मीटरच्या चौकटींवर आधारलेलं वर्गीकरण वापरा.

शेवटी भविष्य. टिलास्तोकेस्कुसचा लोकसंख्या-अंदाज म्हणजे ‘अलीकडचा कल असाच राहिला तर’ या अटीवर केलेलं गणित आहे. २०१९ च्या अंदाजात देशाची लोकसंख्या २०३१ पासून घटणार होती, २०२१ च्या अंदाजात हे वर्ष २०३४ झालं, आणि २०२४ मध्ये स्थलांतराचं गृहीतक बरंच वाढवल्यावर चित्र पुन्हा बदललं. वर्ष उद्धृत करताना अंदाज कोणत्या सालचा, जननदर किती धरला आणि निव्वळ स्थलांतर किती धरलं, या तिन्ही गोष्टी सोबत लिहा. पालिकेच्या पातळीवर तर पंधरा वर्षांपुढचे आकडे नियोजनात घेऊच नयेत: एक कारखाना बंद पडला तरी ते चुकतात.