जुन्या मॉनिटरच्या ट्यूब काढून एलईडी पट्टी कशी लावायची

मॉनिटर चालू केला की दोन सेकंद चित्र दिसतं आणि मग काळोख, पण पॉवरची लाईट मात्र चालूच? अंधारात मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा, पुसट चित्र दिसलं तर पॅनल धडधाकट आहे, मागचा उजेड (बॅकलाईट) तेवढा गेलाय. माझा १९ इंची चौकोनी मॉनिटर असाच गेला, दुकानदार म्हणाला भंगारात द्या. नाही दिला.

आधी प्लग काढा आणि निदान अर्धा तास थांबा, कारण पॉवर बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज साठून राहतो. मल्टिमीटर लावून खात्री करूनच हात घाला.

मग मागचं कव्हर, पत्र्याची चौकट, आणि शेवटी पॅनल. काचेला चिकटलेल्या पातळ पट्ट्या-केबल ओढल्या की खेळ खल्लास, त्या जोडायला घरी जमत नाही. पॅनलमागे पांढऱ्या शीट असतात, त्यांचा क्रम आणि कुठली बाजू वर हे फोटो काढून ठेवा आणि बोट लावू नका, ओल्या फडक्याने तर अजिबात नको. पंखा बंद. मी चालू ठेवला होता, सगळं बंद केल्यावर आत एक चिलट दिसलं, परत सगळं उघडलं.

वर आणि खाली पत्र्याच्या पन्हाळीत पेनाच्या रिफिलएवढ्या बॅकलाईटच्या ट्यूब असतात. त्यात पारा असतो, म्हणून फोडू नका, ई-कचऱ्यात द्या.

आता पट्टी. आधी पन्हाळीची आतली रुंदी मोजा आणि मगच बाजारात जा, मी उत्साहात १० मिलीमीटरची आणली ती बसलीच नाही, मग ४ मिलीमीटरवाली मागवली. १२ व्होल्ट, कूल व्हाईट, मीटरला १२० एलईडी अशीच घ्या, ६० वाली घेतली तर कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. ही बहुतेक दर ३ एलईडीला, म्हणजे अडीच सेंटीमीटरवर कापता येते, १९ इंचीला ३७.५ सेंटीमीटरचे दोन तुकडे पुरतात. एलईडीचं तोंड शीटमागच्या जाड ॲक्रिलिक प्लेटच्या कडेकडे हवं, आणि पट्टी पत्र्याला घट्ट चिकटवा म्हणजे उष्णता निघून जाते, फक्त सोल्डर पत्र्याला टेकू देऊ नका.

दोन्ही तुकडे मिळून साधारण ०.६ अँपिअर घेतात. बोर्डवर १२ व्होल्ट मिळतात का मोजा, जास्त असतील तर थेट जोडू नका, वेगळा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि अडॅप्टर व बोर्ड दोन्हीकडचे ग्राउंड (मायनस) एकत्र जोडा. ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टर सर्किटचा सप्लाय तोडा, नाहीतर तो हाय व्होल्टेज काढत बसतो.

मॉनिटर झोपला की पट्टीही विझली पाहिजे ना, त्यासाठी बॅकलाईट-ऑनची वायर शोधा: स्टँडबायला ० आणि चालू असताना ३.३ ते ५ व्होल्ट. ती १०० ओहमच्या रेझिस्टरमधून लॉजिक लेव्हल मॉसफेटच्या (कमी व्होल्टवर चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन, सोर्स) गेटला द्या (मी आयआरएलझेड४४एन वापरला), गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर. पट्टीचा प्लस १२ व्होल्टला, मायनस ड्रेनला, सोर्स ग्राउंडला.

चौकट बंद करायच्या आधी पांढरा स्क्रीन लावून तासभर चालवा, कोपऱ्यात सावली दिसली तर पट्टी सरकलीय. ब्राईटनेसचं बटण आता चालणार नाही, फार लख्ख वाटलं तर छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारा बोर्ड) लावून पट्टीला ११ व्होल्ट द्या, डोळ्यांना बरं वाटतं.