मोटरला केबल कोणत्या साइजची? व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब

"पाच एचपीला कोणती केबल?" असं दुकानात विचारलं की काउंटरवरून लगेच उत्तर येतं, "अडीचची न्या." म्हणजे 2.5 स्क्वेअर एमएमची. वावरात विजेचं मीटर कुठं, बोअर कुठं, मोटर किती खोल, हे कोणी विचारत नाही. एचपीवरून केबल तापणार की नाही तेवढं कळतं. मोटरपर्यंत किती व्होल्ट पोचतील ते अंतरावर ठरतं (वाटेत केबलमध्ये जितके व्होल्ट कमी होतात तो व्होल्टेज ड्रॉप), आणि व्होल्टेज कमी पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळतं.

करंट नेमप्लेटवर लिहिलेला असतो. पाच एचपी थ्री-फेजला साधारण 8 अँपिअर धरा.

आता लांबी. सगळं इथंच बिघडतं. मीटरपासून बोअरपर्यंत नजरेनं सरळ रेघ मारू नका. केबल वावराच्या मधून जात नाही, धुऱ्याधुऱ्यानं वळून जाते, म्हणून टेप घेऊन त्याच वाटेनं चाला. बोअरच्या आतली केबलही धरा. बोअर किती खोल ते नव्हे, मोटर कुठं लटकते ते बघायचं. शिवाय बोअरची खोली आपण फुटांत सांगतो आणि केबल मिटरात घेतो. 200 फूट म्हणजे 61 मीटर. फूट तसेच सूत्रात घातले तर उत्तर तिपटीहून जास्त येईल आणि नको तेवढी महाग केबल गळ्यात पडेल.

मग सूत्र, तांब्याच्या केबलसाठी:

थ्री-फेज: ड्रॉप = 1.73 × अँपिअर × लांबी (मीटरमध्ये) × 0.02 ÷ केबलची साइज (स्क्वेअर एमएम)

सिंगल-फेजला 1.73 च्या जागी 2 घ्या, कारण करंट जातो तेवढ्याच लांबीनं परत येतो. लांबी मात्र एकेरीच घाला. कोणी लांबीही दुप्पट करतं आणि 2 नंही गुणतं, तसं नको. केबल अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर 0.02 च्या जागी 0.033. पॉवर फॅक्टर मी मुद्दाम सोडतो. त्यानं ड्रॉप थोडा जास्त दिसतो, ते बरंच.

जिथं केबलची साइज बदलते तिथं तुकडे पाडून वेगळा हिशेब करा. समजा मीटरपासून बोअरच्या तोंडापर्यंत 180 मीटर, खाली 60 मीटर, सगळी अडीचची. वर 20 व्होल्ट पडतात, खाली साडेसहा. एकूण साडेसव्वीस, म्हणजे थ्री-फेजच्या 415 व्होल्टचे 6 टक्क्यांहून थोडे जास्त. वरची केबल 4 ची केली तर एकूण 19, कागदावर 5 टक्क्यांच्या मर्यादेत बसतं. मी तरी 6 ची टाका म्हणेन: एकूण 15. रब्बीत सगळ्यांच्या मोटरी एकदम चालतात तेव्हा लाइनच पडलेली असते, आपल्या केबलनं आणखी खाऊ नये. वरचीच केबल बदलायची असल्यानं बोअरमधून मोटर काढायचीही गरज नाही.

केबल विकत घेण्याआधी वायरमनकडून मोटर चालू असताना मीटरजवळ आणि बोअरजवळच्या स्टार्टरवर व्होल्टेज मोजून घ्या. बंद मोटरवर मोजलेल्या आकड्यात ड्रॉप दिसतच नाही. मीटरजवळच 360 असेल तर दोष डीपीकडं (ट्रान्सफॉर्मरकडं) आहे, तिथं तक्रार करा. दोन्ही ठिकाणचा फरक वरच्या केबलच्या हिशेबापेक्षा बराच जास्त आला, तर मधला एखादा जॉइंट सैल असू शकतो. तो आधी नीट करून घ्या.