देणगीदारांची आणि निरीक्षकांची माहिती वन्यजीव संस्थेने कशी सांभाळावी

माहिती सांभाळण्याची सुरुवात ती कमी मागण्यापासून होते. देणगीच्या पावतीसाठी नाव, ईमेल आणि कायद्याने आवश्यक असलेला तपशील पुरेसा असतो. अर्जात जागा उरली म्हणून जन्मतारीख विचारू नये. कार्डाचा क्रमांक संस्थेने स्वतःकडे ठेवूच नये. वार्तापत्रासाठीची संमती देणगीपासून वेगळी घ्यावी आणि त्या चौकटीत आधीच खूण करून ठेवू नये.

वन्यजीव संस्थेच्या दृष्टीने खरा नाजूक भाग म्हणजे प्राणी-पक्षी दिसल्याच्या नोंदी. एखाद्याने आपल्या परसातील घुबडाच्या घरट्याचे छायाचित्र पाठवले, तर मोबाइलने त्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांशांचा तपशील नोंदवलेला असू शकतो. ते छायाचित्र तसेच प्रसिद्ध झाल्यास पाठवणाऱ्याचे घर उघड होते आणि शिकाऱ्याला घरट्याची वाटही सापडते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी हा तपशील पुसावा, नकाशावर नेमका बिंदू न दाखवता काही किलोमीटरचा चौकोन दाखवावा आणि मूळ नोंद मोजक्या अभ्यासकांपुरती ठेवावी.

देणगीदारांची यादी स्वयंसेवकांच्या खासगी मोबाइलवर फिरू देऊ नये; निष्काळजीपणाही चोरीइतकाच महागात पडतो. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, लोकांना धोका पोहोचवू शकणारी गळती लक्षात आल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते. इतरत्रही ही मुदत डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. कोणी आपली माहिती पुसण्यास सांगितल्यास बॅकअपमधील प्रती विसरू नयेत, मात्र हिशेबासाठी ज्या पावत्या राखणे बंधनकारक आहे त्यांची कल्पना त्या व्यक्तीला स्पष्टपणे द्यावी.